भिंत, दार आणि रुग्ण : ठाणे मनोरुग्णालयाची सव्वाशे वर्षे

शहापूर तालुक्यातल्या आसनगाव स्थानकातून ठाण्याला लोकलने साधारण तासाभरात पोहोचता येते. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. तिथल्या माणसाला आधी एसटीने कल्याण गाठावे लागते आणि मग लोकल धरावी लागते. शहापूर-मुरबाडच्या गावापाड्यांवर कुणाचा मानसिक आजार बळावला आणि घरच्यांच्या आवाक्याबाहेर गेला, की सरकारी खाटेसाठी पिढ्यान्‌पिढ्या हाच रस्ता धरला गेला आहे. 'आता ठाण्याला न्यावे लागेल' एवढे म्हटले की पुढचे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या संस्थेचे नाव घेण्याचीही गरज पडत नाही, ती म्हणजे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीचे नाव धारण करून ते १९०१ साली नौपाड्यात उभे राहिले. आज त्याची क्षमता १,८५० खाटांची आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत येरवड्याच्या २,५४० खाटांखालोखाल ठाण्याचा क्रम लागतो, त्यानंतर ९४० खाटांचे नागपूर आणि ३६५ खाटांचे रत्नागिरी. अशा संस्थेचा इतिहास अधीक्षकांची कारकीर्द, वाढत गेलेल्या खाटा आणि उद्घाटने यांच्या आधारे सांगता येईल. या लेखात तो इमारतीच्या अंगाने मांडला आहे. भिंत किती उंच बांधली, खिडकीला काय लावले, दाराची कडी कोणत्या बाजूला बसवली, या गोष्टींतून ती इमारत कुणाचे कुणापासून रक्षण करण्यासाठी उभी राहिली ते कळते. माझे म्हणणे असे की, सव्वाशे वर्षांत आपल्याकडे औषधे बदलली, कायदे बदलले, संस्थांची नावे बदलली. पण बांधकामाने मात्र पहिल्या दिवशीचे उत्तर सोडले नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न इथेच अडकून पडला आहे.

ते पहिले उत्तर काय होते, हे त्या काळच्या कायद्यात स्पष्ट दिसते. संस्था सुरू झाली तेव्हा देशात १८५८ चा कायदा लागू होता आणि पुढे १९१२ चा भारतीय मनोरुग्ण कायदा आला. दोन्ही कायद्यांचा मुख्य विषय होता माणसाला कुणाच्या हुकमाने आत घ्यायचे, किती काळ ठेवायचे आणि कुणाच्या हुकमाने सोडायचे. उपचार हा त्यातला दुय्यम भाग. त्यामुळे त्या पिढीतल्या मनोरुग्णालयांचे नकाशे तुरुंगाच्या नकाशाशी मिळतेजुळते निघाले, यात नवल नाही. उंच कुंपणभिंत, लांबलचक बराकी, गजांच्या खिडक्या, बाहेरून कडी लागणाऱ्या खोल्या, आणि देखरेख करणाऱ्याला एका जागी उभे राहून सगळे दिसावे अशी रचना. यामागे कुणाचा दुष्टावा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. गंभीर मनोविकारावर परिणामकारक औषधच नव्हते. समाज घाबरलेला होता आणि रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला निदान छप्पर आणि दोन वेळचे अन्न मिळावे ही दात्यांची भावना खरी होती. पण इमारत बांधली गेली ती बाहेरच्या जगाचे आतल्या माणसापासून रक्षण करण्यासाठी. आतल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न तिच्या नकाशात नव्हता.

त्या काळी दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते, असा बचाव मात्र टिकत नाही. ठाण्याच्या संस्थेच्या आधी शंभरहून अधिक वर्षे, १७९६ साली, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक आणि त्यांच्या क्वेकर पंथीय सहकाऱ्यांनी मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचे घर उघडले. त्याच दशकात पॅरिसमध्ये झां-बातिस्त प्युसँ आणि फिलिप पिनेल यांनी रुग्णांच्या साखळ्या काढायला सुरुवात केली होती. 'रिट्रीट'मधली एक छोटी गोष्ट इथे मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. तिथल्या खिडक्यांना गज लावले नव्हते. काचा बसवण्याची चौकटच लोखंडाची करून ती लाकडासारखी दिसेल अशी ठेवली होती. कुणी खिडकीतून उडी मारू नये याची काळजी पुरेपूर घेतली होती, पण आत राहणाऱ्याला रोज सकाळी डोळे उघडल्यावर गज दिसत नव्हते, बाग दिसत होती. संरक्षणाचे काम लोखंडाने केले आणि अपमानाचे काम त्याच्याकडे सोपवले नाही. मनोरुग्णालयाच्या रचनेवर पुढे जे काही लिहिले गेले त्याचे सार या एका चौकटीत आहे. अर्थात 'रिट्रीट' हे मोजक्या रुग्णांचे घर होते आणि आपल्याकडच्या संस्थांवर एका अख्ख्या प्रांताचा भार होता. हा फरक मोठा आहे, आणि संख्येचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणारच आहे.

बांधकामाचा परिणाम काय झाला, याची पहिली अधिकृत नोंद स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मिळते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. समितीसाठी मनोरुग्णालयांची पाहणी रांचीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख कर्नल मूर टेलर यांनी केली होती. देशातली बहुतेक मनोरुग्णालये कालबाह्य असून ती रुग्णाला बरे करण्यासाठी नव्हे तर डांबून ठेवण्यासाठी बांधली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वांत वाईट म्हणून ज्या थोड्या संस्थांची नावे त्यांनी घेतली, त्यांत पंजाब, आग्रा आणि नागपूर यांच्या बरोबरीने ठाण्याचे नाव होते. संस्थेच्या इतिहासातून ही गोष्ट गाळण्याचा मोह होऊ शकतो. पण ती ठेवलीच पाहिजे, कारण तिथे राबणाऱ्या डॉक्टरांवर, परिचारिकांवर आणि कक्षसेवकांवर ती ठपका ठेवत नाही. ज्या वास्तूत त्यांना राबावे लागले त्या वास्तूवर ठेवते. पुढे १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवर वापर सुरू झाला आणि तो उपचाराला कलाटणी देणारा ठरला. वर्षानुवर्षे बंद राहिलेली माणसे आठवड्यांत बोलू लागली, घरी जाण्यायोग्य झाली. तरीही १९१२ चा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची अंमलबजावणी सुरू होईपर्यंत, म्हणजे १ एप्रिल १९९३ पर्यंत, चालूच राहिला. १९९९ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतली ३८ टक्के रुग्णालये स्थापनेच्या वेळच्या तुरुंगी रचनेतच होती. औषध आठवड्यांत गुण देते. भिंत मात्र शंभर वर्षे टिकते आणि उपचाराला आपल्या चालीने चालायला लावते.

कुलूप म्हणजे संरक्षण, या समजाचा सर्वांत भयंकर निकाल ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे लागला. तिथल्या एका खासगी आश्रमात पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ते पळून जाऊ नयेत, कुणाला इजा करू नयेत म्हणून त्यांना बांधले होते. ज्या उपायाला बांधणारे सुरक्षा म्हणत होते, तोच उपाय त्यांच्या जिवावर उठला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आणि कलम ९७ ने एकांत कोठडी बंद केली. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पण एरवाडीचा धडा साखळीपुरता नाही. बाहेरून कुलूप लावलेला वॉर्ड, एकाच माणसाच्या खिशात असलेल्या किल्ल्या, आत उघडणारे आणि गर्दीने दाबले गेले की न उघडणारे दार, गजांनी बंद झालेली बाहेर पडण्याची एकमेव वाट : साखळी नसली तरी या सगळ्यांतून एरवाडी पुन्हा घडू शकते. म्हणून मनोरुग्णालयाची सुरक्षितता तपासताना पहिला प्रश्न 'दार किती घट्ट लागते' हा नको. रात्री दोन वाजता धूर झाला तर प्रत्येक वॉर्डातला प्रत्येक माणूस किती मिनिटांत आणि कुणाच्या हाताने बाहेर येईल, हा हवा.

दुसरे रक्षण रुग्णाचे स्वतःपासून. आत्महत्येचा विचार ज्याला ग्रासतो त्याला रुग्णालयात आणतात ते त्याचा जीव वाचावा म्हणून, आणि तिथेच त्याने जीव दिला तर ते त्या वास्तूचे अपयश ठरते. इथे रचनेचा उपयोग होतो हे केवळ मत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी २००७ पासून मानसिक आरोग्याच्या वॉर्डांसाठी एक तपासणी-यादी लागू केली. वॉर्डातल्या धोक्याच्या जागा, फिटिंग आणि वस्तू ठरावीक काळाने शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या, एवढेच तिचे स्वरूप. पुढच्या वर्षांत या वॉर्डांतल्या आत्महत्या दर १ लाख भरतीमागे ४.२ वरून ०.७४ पर्यंत खाली आल्या आणि खालीच राहिल्या. एवढा परिणाम कुठल्याही नव्या औषधाने साधला असता तर त्याचा गाजावाजा झाला असता. आपल्याकडे या दृष्टीने सर्वांत आधी पाहण्याची जागा म्हणजे संडास-न्हाणीघर, कारण तिथे माणूस एकटा असतो. दार आतून लावता यावे, पण अडचणीच्या वेळी बाहेरून परिचारिकेला ते उघडता यावे. ते बाहेरच्या बाजूला उघडावे, म्हणजे आत कुणी कोसळले तरी अडणार नाही. नळ, दिवे, पडद्यांचे दांडे भार सहन न करणारे किंवा भिंतीत बसवलेले असावेत. फरशी ओली असतानाही पाय घसरू नये, कारण औषधांनी गुंगी येणाऱ्या आणि वय झालेल्या रुग्णाला पडण्याचा धोकाही मोठा असतो. यातली एकही गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदेत चार ओळी जास्त लिहिल्या की भागते.

पण इथेच एक सापळा आहे. धोक्याची प्रत्येक वस्तू काढत गेले तर शेवटी उरते ती रिकामी कोठडी : चार भिंती, एक गादी आणि वर जळणारा दिवा. अशी खोली कागदावर सुरक्षित असते आणि माणसाला आणखी खचवते. म्हणून रचनेची दुसरी बाजूही पुराव्यानिशी मांडली पाहिजे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडे दिसणाऱ्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी वेदनाशामके लागली आणि ते लवकर घरी गेले. त्याच संशोधकाने सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातल्या ऑस्ट्रा मनोरुग्णालयाचा अभ्यास मांडला. गर्दी कमी, स्वतंत्र खोल्या, हलवता येणाऱ्या खुर्च्यांची बैठकीची जागा, आवाज कमी करणारी रचना, बागेत जाण्याची मोकळीक आणि भरपूर उजेड, असे ते रुग्णालय होते. जुन्या इमारतीच्या तुलनेत तिथे रुग्णांना बांधून ठेवण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. याचे कारण समजायला अवघड नाही. अनोळखी माणसांच्या गर्दीत, सततच्या गोंगाटात, उठून बाजूला जायला जागाच नसताना शहाणासुरता माणूसही चिडतो. ज्याचे मन आधीच भीतीने आणि संशयाने घेरलेले आहे त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करणे चूक आहे. वॉर्डातली मारामारी रुग्णाच्या आजारातून जितकी येते, तितकीच दोन खाटांमधल्या अपुऱ्या अंतरातूनही येते. म्हणजे परिचारिका आणि कक्षसेवक यांची सुरक्षा आणि रुग्णाची सुरक्षा या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. एकाच नकाशाने दोन्ही पुऱ्या होतात किंवा दोन्ही बुडतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : स्वीडनचे दाखले शहापूर-मुरबाडच्या कामाचे नाहीत, स्वतंत्र खोल्या आणि बागा आपल्याला परवडणार नाहीत. खाटांच्या संख्येपुरता तो बरोबरही आहे. पण रचनेतला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक बदल आपल्याच देशात घडला आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या नातेवाइकांना त्याच्याजवळ राहू दिले. घरचे माणूस जवळ असल्याने रुग्ण शांत राहू लागले, आजार म्हणजे काय हे कुटुंबाला कळू लागले आणि माणूस बरा होऊन घरी परतणे सोपे झाले. पुढे वेल्लोर आणि बंगळुरूच्या संस्थांनी कुटुंबासह राहण्याची व्यवस्था रुजवली. ती आपल्याकडची देणगी आहे आणि आपल्या लोकांच्या स्वभावाला धरून आहे. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातली आई मुलाला घेऊन येते, तेव्हा तिला संध्याकाळची एसटी चुकण्याची धास्ती असते. रात्री मुक्कामाला जागा नसेल तर ती त्याला तिथे सोडून परत फिरते. पुढच्या भेटीसाठी एका दिवसाची मजुरी बुडते, आणि भेटी हळूहळू कमी होत जातात. नातेवाइकांसाठी मुक्कामाचा कक्ष ही मेहरबानी नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा तो तितकाच महत्त्वाचा भाग आहे, कारण ज्याच्याकडे कुणी येत नाही, त्याच्यावर काही अन्याय झाला तर विचारणाराही कुणी उरत नाही.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या अनुभवातून येतो आणि तो हलक्याने घेता येणार नाही. मोकळीक दिली तर रुग्ण पळून जातील, रुळांवर जातील, एकमेकांना इजा करतील, आणि शेवटी चौकशी होईल ती ड्युटीवरच्या परिचारिकेची. हे खरे आहे. म्हणूनच बंद दार अजिबात नको, असे माझे म्हणणे नाही. तीव्र अवस्थेतल्या रुग्णासाठी काही दिवस बंदोबस्ताचा वॉर्ड लागतो. कायदाही तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि नोंद करून, गरजेपुरते शारीरिक नियंत्रण मान्य करतो. आक्षेप आहे तो थोड्या रुग्णांच्या थोड्या दिवसांच्या गरजेवरून सगळ्यांसाठी कायमची इमारत बांधण्यावर. तीव्र अवस्था, सुधारणा आणि घरी जाण्याची तयारी या तीन टप्प्यांना तीन प्रकारच्या जागा लागतात. लहान वॉर्ड असेल आणि परिचारिकेची बसण्याची जागा वॉर्डाच्या मधोमध असेल, तर तिला रुग्ण दिसतो आणि रुग्णाला ती दिसते. गजाआडून डोकावणारी नजर आणि हाकेच्या अंतरावरची सोबत यांत मोठा फरक आहे. मात्र माणसेच अपुरी असतील तर कुठलीही रचना तोकडी पडते, आणि रचनेचा आग्रह धरणाऱ्याने हेही तितक्याच आग्रहाने म्हटले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. उपचार जर लोकांच्या दारापर्यंत न्यायचे असतील, तर मोठ्या रुग्णालयाच्या विटांवर पैसा का घालायचा? २०१७ च्या कायद्याचे कलम १९ प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क देते. घर नाही किंवा घरच्यांनी टाकले एवढ्या कारणाने कुणाला संस्थेत अडकवून ठेवता येत नाही. तरीही बरे होऊनही वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेल्या माणसांचा प्रश्न अलीकडे मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. महाराष्ट्रात अशा माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२१ मध्ये कडक शब्दांत दखल घेतली. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून देशभरातल्या त्यांच्या गावी पोहोचवते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'तराषा' प्रकल्प मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना राहण्याची जागा आणि काम मिळवून देतो. ही उदाहरणे आक्षेपाला बळ देतात, आणि ते मान्यच करायला हवे : रुग्णालयातली सर्वांत सुरक्षित खाट म्हणजे वेळेवर रिकामी होणारी खाट. गर्दीचे मूळ वेळेवर रिकाम्या न होणाऱ्या खाटांतच आहे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात औषधे नियमित मिळाली, तर ठाण्याच्या वॉर्डातल्या दोन खाटांमधले अंतर आपोआप वाढेल. पण काही आजारात, काही काळासाठी, भरतीची गरज राहणारच. ज्यांना ती लागते ते सर्वांत दुबळे असतात, आणि गावात चांगली सेवा सुरू झाली म्हणून त्यांना वाईट वॉर्डात ठेवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही.

हा सगळा विचार आजच मांडण्याचे कारण आहे. ठाणे आणि मुलुंडच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी रुग्णालयाच्या आवारातली काही जमीन जात आहे आणि तीन हजारांहून अधिक खाटांचे नवे संकुल उभारण्याची योजना सरकारने पुढे आणली आहे. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच नकाशा कोऱ्या कागदावर काढण्याची संधी आली आहे. १९०१ ची चूक नव्या काचांच्या इमारतीतही सहज करता येते. एवढ्या खाटा एका छपराखाली रचल्या की ती होतेच. म्हणून या संकुलाचा आकडा लहान घटकांत वाटला जावा आणि प्रत्येक घटकाला स्वतःचे अंगण असावे. नातेवाइकांच्या मुक्कामाचा कक्ष आराखड्यातच असावा, नंतरच्या देणगीवर सोडलेला नसावा. कलम २० जे मागते, म्हणजे सुरक्षित व स्वच्छ वातावरण, खासगीपणा, इच्छा असल्यास स्वतःचे कपडे, सक्तीने केस न कापणे आणि स्त्रियांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू, त्यासाठी कपाटे, न्हाणीघरे आणि पडदे नकाशात दिसावेत. नकाशा मंजूर करणाऱ्या समितीत रात्रपाळी केलेली परिचारिका, बरा होऊन घरी गेलेला रुग्ण आणि शहापूर-मुरबाडसारख्या दूरच्या तालुक्यातले नातेवाईक बसवावेत. रुग्णालयातले मृत्यू, रुग्ण पडण्याचे अपघात, बांधून ठेवण्याचे प्रसंग आणि बरे होऊनही घरी न गेलेल्यांची संख्या दर वर्षी जाहीर व्हावी, म्हणजे इमारत आपले काम करते की नाही हे नागरिकांना तपासता येईल. १९०१ च्या दात्यांनी त्या काळी जे शक्य होते ते केले. आज काय करायला हवे याचे ज्ञान आणि कायदा दोन्ही आपल्या हाती आहेत, त्यामुळे आपली जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. नकाशा पक्का होण्याआधी ती पार पाडली पाहिजे, कारण एकदा भिंती उभ्या राहिल्या की त्या बदलायला आणखी एक शतक जाईल.